लहान गावात घर का मिळत नाही, आणि कामाला कुठून लागायचं

गावात एक चक्कर मारली तर कुलूप लावलेली घरं हवी तेवढी दिसतात, आणि तरी दवाखान्यात नेमणूक झालेल्या नर्सला भाड्याने दोन खोल्या मिळत नाहीत. लहान गावांतला घरांचा प्रश्न असा उलटसुलट असतो. मोठ्या शहरात माणसं जास्त, घरं कमी, हिशेब सरळ. लहान ठिकाणी घरं असतात पण भाड्याची नसतात, जमीन असते पण बांधायला मोकळी नसते, आणि ज्याच्याकडे घर बांधायची इच्छा आणि नियमित पगार दोन्ही आहे त्यालाही बँक पुरेसं कर्ज देत नाही.

गावच्या समितीत किंवा एखाद्या संस्थेत नुकतेच शिरलेल्या आणि ‘घरांचं काहीतरी करा’ हे काम गळ्यात पडलेल्या लोकांसाठी हा लेख आहे. देश कुठलाही असो, कामाचा क्रम बराचसा सारखाच असतो. कायदे आणि परवानग्या मात्र ज्याच्या त्याने आपल्या ठिकाणच्या बघून घ्यायच्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. लहान गावात सरासरी कामाची नसते, तिथे घरागणिक मोजावं लागतं. हजार घरांची घोषणा ऐकायला बरी वाटते, पण गावाला बहुतेक वेळा आठ-दहा घरंच हवी असतात. ती योग्य प्रकारची, योग्य जागी आणि दहा वर्षांनीही त्याच कामाला उपलब्ध असायला हवीत. खरी कसरत या शेवटच्या अटीची आहे.

पहिलं काम: वही घेऊन घरं मोजा

सरकारी आकडेवारीवर विसंबून सुरुवात करू नका. मोठ्या लोकसंख्येसाठी केलेली पाहणी लहान गावाला लावली की आकडे डळमळतात. अमेरिकेत तर ६५,००० पेक्षा कमी वस्तीच्या भागासाठी जनगणना विभागाच्या वार्षिक पाहणीचे बहुतेक आकडे पाच वर्षांची माहिती एकत्र करूनच दिले जातात, म्हणजे आज दिसणारा आकडा अर्धा कालचा असतो. रिकाम्या घरांच्या टक्केवारीचंही तसंच. भाड्याच्या घरांपैकी साधारण ३ टक्के घरं रिकामी असली तर बाजार ठीक चाललाय, असा एक ठोकताळा नियोजनवाले वापरतात. गावात भाड्याची घरंच ४० असतील तर ३ टक्के म्हणजे एक घर! ते कुणी घेतलं की बाजार संपला.

म्हणून वही घ्या आणि गल्ल्या फिरा. प्रत्येक घरापुढे चार गोष्टी लिहा: कोण राहतं, मालक की भाडेकरू, घराची अवस्था, आणि बंद असेल तर का बंद. चौथ्या रकान्यासाठी मालकाला शोधत बसण्याआधी पोस्टमन, वीजमीटरची नोंद घेणारा आणि पाणीपट्टी वसूल करणारा या तिघांना भेटा. कुठल्या घराचा मीटर वर्षभर हललेला नाही आणि कुठला फक्त सुट्टीत फिरतो, हे त्यांना पाठ असतं.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक गाव घेऊ. एकूण घरं ३१२, त्यांतली २३१ राहती, ८१ बंद. नुसतं ‘८१ बंद’ म्हटलं की बैठकीत लगेच कुणीतरी म्हणतं, मग नवी घरं कशाला हवीत? आता त्या ८१ ची फोड बघा. सुट्टीपुरती उघडणारी २६, पर्यटकांना रोजाने दिली जाणारी ९, वारसांच्या नावांत अडकलेली १९, छप्पर खाली आलेली १४, विक्रीला काढलेली ६, आणि थोडी डागडुजी केली तर उद्या भाड्याने देता येतील पण मालक भाडेकरूला भितो म्हणून बंद ठेवलेली ७. प्रत्येक गटाचं औषध वेगळं आहे. सातवाल्यांना भरवसा हवाय, एकोणीसवाल्यांना वकील, चौदावाल्यांना पैसा. सव्वीसवाल्यांना बहुधा काहीच नकोय, त्यांच्यासाठी कर आणि नियम यांचा विचार करावा लागेल.

माझ्या मते या एका तक्त्याने निम्मं भांडण मिटतं. सहा महिने चालणारा सल्लागाराचा अहवाल मागवण्याआधी हे करा.

दुसरं काम: जे गावात नाहीत त्यांना मोजा

घरांची मागणी मोजताना लोक गावात राहणाऱ्यांनाच विचारतात. पण ज्याला घर मिळालं नाही तो गावात नसतोच. म्हणून शाळा, दवाखाना, कारखाना, शेतमालावर प्रक्रिया करणारे उद्योग, जिथे जिथे पगारी माणसं लागतात तिथे जाऊन विचारा: गेल्या दोन वर्षांत किती जणांनी नोकरी नाकारली किंवा सोडली, आणि त्यांपैकी किती जणांनी घराचं कारण दिलं? नोकरी देणारे हे आनंदाने सांगतात, कारण दुखणं त्यांचंही असतं.

मग घराच्या आत दडलेली कुटुंबं येतात. आईवडिलांच्या घरात मधल्या खोलीत संसार थाटलेलं जोडपं, भावाच्या पडवीत राहणारी घटस्फोटित बहीण, वर्षभर गाडीत किंवा तात्पुरत्या शेडमध्ये झोपणारा मजूर. कागदावर यांतलं कुणीच बेघर नसतं.

तिसरा गट सहसा सुटतो, तो म्हाताऱ्यांचा. पाच खोल्यांच्या घरात एकटी राहणारी, जिना न झेपणारी माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांना गाव सोडायचं नसतं, घर मात्र लहान हवं असतं, तळमजल्यावरचं, दवाखान्याजवळचं. तसं घर गावात नसतं म्हणून ती मोठ्या घरात अडकून राहतात. अशी दोन लहान घरं बांधली की दोन मोठी मोकळी होतात, तिथे मुलंबाळं असलेली कुटुंबं येतात, आणि त्यांची भाड्याची घरं तिसऱ्याला मिळतात. ‘तरुणांसाठी घरं’ या घोषणेचा मार्ग पुष्कळदा म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या दोन घरांतून जातो. बैठकीत हे पटवायला वेळ लागतो, पण आकडे तुमच्या वहीत असतील.

तिसरं काम: ‘परवडणं’ कशाला म्हणायचं ते ठरवा

घरावरचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा हे माप सगळीकडे ऐकू येतं. त्याचा उगम बराचसा अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्याच्या मर्यादेत आहे. तिथे १९६९ मध्ये ती २५ टक्के ठरली आणि १९८१ मध्ये ३० टक्क्यांवर नेली. मर्यादा प्रशासनाच्या सोयीची होती आणि पुढे तीच मोजपट्टी झाली.

ग्रामीण भागात ती दोन जागी फसते. भाडं कमी असतं, पण दवाखाना, बाजार, कामाची जागा सगळंच लांब, म्हणून वाहन आणि इंधन यांचा खर्च घराच्या खर्चात धरावाच लागतो. थंड प्रदेशात जुनं, भिंतींतून वारा येणारं घर तापवण्याचा खर्च काही महिन्यांत भाड्याच्या बरोबरीला येतो. दुसरं म्हणजे उत्पन्न दरमहा सारखं नसतं. शेती, मासेमारी, पर्यटन यांत चार महिने कमाई आणि आठ महिने ओढाताण. वर्षाची सरासरी काढली तर घर परवडतं, आणि आठव्या महिन्यात हप्ता थकतो.

त्यापेक्षा उलट हिशेब बरा. कुटुंबाचं जेवण, प्रवास, इंधन, औषध, शाळा हे बाजूला काढा आणि सगळ्यात वाईट महिन्यात घरासाठी किती उरतं ते बघा. तो आकडा म्हणजे तुमचं भाडं. मग घर त्या भाड्यात बसवायचं.

चौथं काम: खर्च आणि किंमत यांतली दरी समजून घ्या

सगळ्या लेखात एकच भाग नीट वाचायचा असेल तर हा वाचा.

घर बांधायचा खर्च १०० धरा. बांधून झाल्यावर तेच घर गावात विकायला काढलं तर ७० येतात, कारण आजूबाजूला तेवढ्यालाच घरं जातात. बँकेचा मूल्यांकन करणारा ७० लिहितो. बँक त्याच्या ८० टक्के, म्हणजे ५६ कर्ज देते. उरलेले ४४ घर बांधणाऱ्याने खिशातून घालायचे. आणि त्यातले ३० तर घर उभं राहिलं त्याच दिवशी बुडीत खात्यात. कुठला शहाणा बिल्डर हे करेल?

म्हणजे गावात मागणी आहे, बांधायला जागा आहे, तरी कुणी बांधत नाही. याला बिल्डरचा लोभ कारण नाही आणि गावकऱ्यांचा आळसही नाही, गणितच बसत नाही. खर्च वाढायची कारणं सरळ आहेत. ठेकेदार लांबून येतो, त्याच्या माणसांच्या राहण्याची सोय करावी लागते, सिमेंट-लोखंडाची वाहतूक अंगावर येते, आणि दोन घरांसाठी यंत्रं आणायची म्हणजे वीस घरांइतकाच त्रास. किंमत कमी राहते कारण पगार कमी, आणि वर्षात विक्रीच इतक्या थोड्या होतात की मूल्यांकन करणाऱ्याला तुलनेसाठी तीन सारखी घरं सापडत नाहीत. जुनी, स्वस्त घरं विकत घेणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. कर्ज लहान असलं तरी कागदपत्रांचा खर्च बँकेला मोठ्या कर्जाइतकाच येतो, म्हणून लहान कर्जात तिला रस नसतो.

कागदाचाही अडसर असतो. भारतात गावठाणातल्या कित्येक घरांची जागेची मोजणी आणि मालकीची नोंदच नव्हती. राहायला अडचण नाही, पण तारण ठेवायला काही नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्तेची पत्रकं द्यायला सुरुवात झाली ती यासाठीच.

ही दरी बुजवायचे मार्ग मोजके आहेत: जमीन जवळपास फुकट मिळवा, बांधकाम स्वस्त करा, कमी व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज आणा, किंवा कुणाकडून तरी अनुदान घ्या. पुढे जो कुणी तुमच्यासमोर घरांची नवी योजना मांडेल त्याला एवढंच विचारा, यातलं तुम्ही काय करताय? उत्तर आलं नाही तर चहा पाजून परत पाठवा.

पाचवं काम: बंद घरांचं कुलूप काढा

नवं बांधण्याआधी जुनं उघडणं जवळजवळ नेहमी लवकर होतं. स्वस्त होतंच असं नाही.

जपानकडे बघा. २०२३ च्या पाहणीत तिथे सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. लोकसंख्या घटतेय हे एक कारण झालं, पण करपद्धतीनेही हातभार लावला. जमिनीवर घर उभं असेल तर लहान निवासी भूखंडाचं करासाठीचं मूल्य एक षष्ठांश धरलं जातं. घर पाडलं की सवलत गेली. साहजिकच लोकांनी पडकी घरं तशीच उभी ठेवली. २०१५ च्या कायद्याने धोकादायक रिकाम्या घरांची ही सवलत काढायची सोय केली, २०२३ च्या दुरुस्तीने हेळसांड झालेल्या घरांनाही त्यात ओढलं, आणि एप्रिल २०२४ पासून वारसाने तीन वर्षांच्या आत नोंद करणं बंधनकारक झालं. वारसनोंदीचा रेटा लावण्यामागचं कारण उघड आहे. आजोबांच्या नावावरच्या घराला आज पंधरा नातवंडं मालक असतील तर सही कुणाची घ्यायची?

इटलीतल्या एक युरोच्या घरांची बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. सिसिलीतल्या गांजी, मुस्सोमेली या गावांनी ते केलं. पण एक युरो ही फक्त जाहिरात. खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करायची, त्यासाठी अनामत ठेवायची, कामाचे, वकिलाचे, नोंदणीचे पैसे वेगळे. जाहिरात म्हणून ही युक्ती उत्तम आहे. पण येणारा माणूस वर्षभर राहणारा की उन्हाळ्यापुरता, हे त्या एका युरोतून ठरत नाही.

मला आयर्लंडची पद्धत जास्त व्यवहारी वाटते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये वाढवलेल्या योजनेत तिथे दोन वर्षं किंवा अधिक काळ बंद असलेलं जुनं घर दुरुस्त करून राहायला घेतलं किंवा भाड्याने दिलं तर ५०,००० युरोपर्यंत अनुदान मिळतं, आणि मोडकळीला आलेल्या घराला ७०,००० पर्यंत. त्यातली खरी गंमत अटीत आहे. पाच वर्षांच्या आत घर विकलं तर सगळे पैसे परत, पाच ते दहा वर्षांत विकलं तर ७५ टक्के परत.

तुमच्या वहीतल्या त्या ‘भीतीने बंद’ सात घरांपासून सुरुवात करा. सोपा मार्ग असा: गावची संस्था मालकाकडून घर पाच-सात वर्षांच्या करारावर घेते, डागडुजी करते, भाडेकरू ठेवते, भाडं वेळेवर देते आणि मुदत संपली की घर रिकामं करून देण्याची हमी घेते. मालकाला भाडेकरूशी बोलावंच लागत नाही. अशी तीन घरं उघडली की चौथा मालक स्वतः येतो.

सहावं काम: सुट्टीची घरं आणि रोजाची भाडी

डोंगर, समुद्र किंवा तळं जवळ असेल तर हा प्रश्न टळत नाही. इथे लोक तावातावाने बोलतात, तेव्हा इतरांचे अनुभव आधी बघून घेतलेले बरे.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज या किनाऱ्यावरच्या गावाने २०१६ मध्ये सार्वमत घेऊन ठरवलं की नवं घर फक्त कायम राहणाऱ्यालाच. ८० टक्क्यांहून अधिक मतं बाजूने पडली. पण नियम फक्त नव्या घरांना होता. जुन्या घरांचा बाजार खुलाच राहिला आणि सुट्टीचं घर हवं असणारे तिकडे वळले. स्वित्झर्लंडने २०१२ मध्ये अगदी निसटत्या बहुमताने ठरवलं की कुठल्याही गावात दुय्यम घरांचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. तिथे डोंगरी गावांत घरबांधणीवर जगणाऱ्यांच्या कामावर परिणाम झाला.

वेल्समध्ये कराचा मार्ग घेतला. एप्रिल २०२३ पासून तिथल्या स्थानिक संस्थांना सुट्टीच्या आणि बंद घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत जादा घरपट्टी लावता येते. तिथल्या ग्विनेद्द भागाच्या संस्थेने सुट्टीच्या घरांना १५० टक्के लावली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कायमचं घर सुट्टीचं किंवा पर्यटकांसाठीचं करायला परवानगी घ्यायची अटही घातली. म्हणजे जुन्या घरांनाही हात घातला.

चौथा मार्ग अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या व्हेल या बर्फावरच्या खेळांच्या गावाचा. २०१७ पासून नगरपालिका घरमालकाला पैसे देऊन त्याच्या घराच्या दस्तावर एक कायमची अट विकत घेते: या घरात राहणारा माणूस त्याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आठवड्याला सरासरी ३० तास काम करणारा असला पाहिजे. किमतीवर मर्यादा नाही, उत्पन्नाची अट नाही. नवी वीट न रचता घर कामगारांच्या खात्यात जमा होतं. पैसा लागतो, हे खरं, पण नवं घर बांधण्यापेक्षा कमी.

माझा कल शेवटच्या दोघांकडे आहे. नुसती बंदी घातली की लोक पळवाट शोधतात. कर लावला तर गावाला निदान पैसा मिळतो, मात्र तो पैसा घरांसाठीच राखून ठेवायचा ठराव त्याच बैठकीत करून घ्या, पुढच्या बैठकीत तो रस्त्यावर खर्च होईल.

सातवं काम: जमीन, आणि तिच्यावरचा बोजा

इंग्लंडमध्ये एक जुनी युक्ती आहे. गावाच्या हद्दीबाहेर, जिथे एरवी बांधकामाला परवानगी मिळत नाही अशा लहान जागेवर, स्थानिक लोकांसाठी आणि कायम परवडणारी घरं बांधायची असतील तरच अपवाद म्हणून परवानगी देतात. जमीनमालकाला ठाऊक असतं की इथे बंगल्यांची परवानगी कधीच मिळणार नाही. म्हणून तो शेतजमिनीपेक्षा बऱ्या, पण बांधकामाच्या जमिनीपेक्षा खूपच कमी भावाला तयार होतो. दरी बुजवायला यासारखा उपाय नाही. एकच पथ्य पाळायचं: अपवाद हा अपवादच राहिला पाहिजे. एकदा का एका जागेवर मोकळ्या विक्रीची परवानगी दिली, की प्रत्येक शेतकरी भाव वाढायची वाट बघत बसतो.

जमीन मिळाली की पहिला प्रश्न: हे घर पुढच्या वेळी विकलं जाईल तेव्हा काय? स्वस्तात दिलेलं घर दहा वर्षांनी बाजारभावाने विकलं गेलं तर तुम्ही एका कुटुंबाला लॉटरी लावली आणि गावाने घर गमावलं. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने सरकारी घरांतल्या भाडेकरूंना ती सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. लाखो कुटुंबं घरमालक झाली, पण खेड्यांत मुळातच थोडी असलेली भाड्याची घरं हातची गेली. स्कॉटलंडने तो हक्क २०१६ मध्ये बंद केला, वेल्सने २०१९ मध्ये.

यावरचा बंदोबस्त दस्तातच करायचा. स्कॉटलंडच्या कायद्यात ग्रामीण गृहसंस्थेच्या नावाने घरावर असा बोजा चढवता येतो की घर विकायला निघालं तर पहिला हक्क संस्थेचा, आणि किंमत मूळ सवलतीच्याच प्रमाणात. तो एका विक्रीपुरता नसतो, पुढच्या प्रत्येक विक्रीला लागू राहतो. दुसरा मार्ग सामुदायिक भूमी न्यासाचा. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचं, जमिनीचा भाडेपट्टा लांब मुदतीचा आणि फेरविक्रीचं सूत्र आधीच लिहिलेलं.

या न्यासांच्या गोष्टीत मराठी वाचकाला एक ओळखीचं नाव भेटतं. १९६९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात नागरी हक्क चळवळीतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था काढली. सामुदायिक भूमी न्यासाचा हा पहिला नमुना मानतात, आणि त्यामागच्या विचारात विनोबांच्या ग्रामदानाचा धागा होता. सुमारे ५,७०० एकर जमीन त्यांनी उभी केली. पण ती कर्जावर घेतलेली होती. दुष्काळ पडला, सरकारी मदत वेळेवर मिळाली नाही, आणि १९८५ मध्ये जमीन गेली. न्यासाची जमीन गहाण टाकायची वेळ आलीच तर घरांखालची जागा त्यातून वेगळी ठेवा, एवढं तरी त्यातून घ्यावं.

स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या गिया बेटाचं उदाहरण अधिक सुखाचं आहे. २००२ मध्ये तिथल्या शंभराच्या आत असलेल्या वस्तीने अख्खं बेट सुमारे ४० लाख पौंडांना विकत घेतलं, बराच पैसा सार्वजनिक निधीतून आला. त्यांनी आधी नवी घरं बांधली नाहीत. जुन्या मालकाच्या काळात दुर्लक्षित राहिलेली घरं एकेक करून दुरुस्त केली, पवनचक्क्या बसवून स्वतःचं उत्पन्न तयार केलं, मग नवं बांधकाम. वस्ती पुढे दीडशेच्या वर गेली. प्रत्येक गाव असं करू शकणार नाही, पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आठवं काम: नळ आणि गटार आधी विचारा

नकाशा काढायच्या आधी पाणीपुरवठ्याच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: आणखी दहा जोडण्या झेपतील का? आणि सांडपाण्याचं केंद्र असेल तर त्याची क्षमता उरलीय का? गटार नसेल तर प्रत्येक घराला सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा लागणार. चिकणमातीत पाणी मुरत नाही, आणि विहीर जवळ असेल तर अंतर राखावं लागतं. मातीची चाचणी किरकोळ खर्चाची असते. ती न करता जमीन घेतली तर चार घरांच्या जागेत दोनच बसतात.

नववं काम: बांधणार कोण?

लहान गावात गवंडी, सुतार, वीजतंत्री मिळून पाच माणसं असतात आणि त्यांची पुढच्या वर्षाची कामं ठरलेली असतात. तीन मार्ग आहेत. शेजारच्या गावांबरोबर मिळून काम काढा, म्हणजे ठेकेदाराला एका खेपेत पंधरा घरं मिळतील. कारखान्यात तयार झालेले भाग आणून जोडा. त्यात वेळ वाचतो, मात्र रस्ता, पूल आणि वळणं ते ओझं घेऊन येणाऱ्या ट्रकला पुरतात का, ते आधी बघा. किंवा लोकांनीच बांधा.

तिसरा मार्ग हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत कृषी खात्याच्या मदतीने चालणाऱ्या परस्पर-साहाय्य योजनेत काही कुटुंबं एकत्र येऊन एकमेकांची घरं बांधतात. जवळजवळ ६५ टक्के श्रम त्यांचेच असतात, देखरेखीला जाणकार असतो, आणि सगळी घरं पूर्ण होईपर्यंत कुणीच राहायला जात नाही. ही शेवटची अट फार हुशारीची. नाहीतर पहिल्या घरवाला दुसऱ्या घराच्या वेळी गायब होतो.

भारतातल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही घर लाभार्थीच बांधतो. २०१६ मध्ये ठरलेली मदत सपाट प्रदेशात १.२० लाख रुपये, डोंगरी व दुर्गम भागात १.३० लाख. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, पैसे टप्प्याटप्प्याने थेट खात्यात, प्रत्येक टप्प्याला बांधकामाचा फोटो. पण ही मदत घराची आहे, जमिनीची नाही. ज्याच्याकडे स्वतःची जागा नाही, तो पहिल्याच पायरीवर अडतो, त्याच्यासाठी जागा राज्याला वेगळी शोधावी लागते. तुमच्या योजनेतही हे तपासा.

एक इशारा तेजीच्या गावांसाठी. खाण, धरण किंवा मोठा कारखाना आला की भाडी आकाशाला भिडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागात लोहखनिजाच्या तेजीत, २०१२ च्या सुमारास, पोर्ट हेडलंडमध्ये काही घरांचं भाडं आठवड्याला २,००० डॉलरच्या वर गेलं होतं. खाणीत नसलेला माणूस, म्हणजे शिक्षक, दुकानदार, तिथे टिकणं अवघड झालं. मग बांधकामाचा टप्पा संपला, किमती कोसळल्या आणि तेजीत घर घेणारे कर्जात बुडाले. अशा ठिकाणी कामगारांची तात्पुरती वसाहत कंपनीच्या खर्चाने आणि गावाची कायमची घरं वेगळ्या हिशेबाने, असं आधीच लिहून घ्यावं.

दहावं काम: किल्ली देण्याआधीचे कागद

घर कुणाला द्यायचं याचा नियम पहिली वीट रचण्याआधी जाहीर करा. लहान गावात सगळेच कुणाचे ना कुणाचे नातेवाईक असतात. नंतर केलेला नियम कुणासाठी तरी केलाय असंच वाटतं. ‘स्थानिक’ म्हणजे कोण हे मोकळेपणाने लिहा: इथे इतकी वर्षं राहिलेला, इथे काम करणारा, की इथल्या म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायला परत आलेला? नुसती जन्माची अट घातली तर ती नर्स, जिच्यासाठी हे सगळं चाललंय, तीच बाहेर राहते. निवड समितीत निदान दोन माणसं शेजारच्या गावातली घ्या.

भाड्यातला काही भाग दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात दरमहा टाका, छप्पर गळायची वाट बघू नका.

आणि कर्जाची मुदत संपल्यावर काय, हे करारात लिहा. अमेरिकेत कृषी खात्याने १९६० च्या दशकापासून खेड्यांत भाड्याच्या इमारतींसाठी स्वस्त कर्जं दिली. कर्ज चालू आहे तोवर भाडं मर्यादेत राहायचं आणि भाडेकरूला त्यावर वेगळी मदतही मिळायची. ती कर्जं आता फिटत चाललीत, आणि कर्ज फिटलं की सहसा मर्यादाही संपते, मदतही. मालकाने काहीच गैर केलेलं नसतं, करारच तेवढा होता. तुमच्या करारात परवडणाऱ्या भाड्याची अट कर्जाला जोडू नका, जमिनीला जोडा, आणि इमारत विकत घ्यायचा पहिला हक्क कर्ज फिटायच्या दोन वर्षं आधीपासून गावच्या संस्थेला वापरता येईल असं कलम घाला. दोन वर्षं अशासाठी की संस्थेला पैसे जमवायला तेवढा वेळ लागतोच.